अनामिकांच्या दाराला पाटी हवी

मराठीत दारू पिणाऱ्यासाठी शब्दांची वानवा नाही. दारुडा, बेवडा, मद्यपी. शिवाय गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम वर्षअखेरीच्या बातम्यांत आजही सामान्यनाम होऊन वावरतो. मात्र ज्याने दारू थांबवली आहे आणि ती थांबलेलीच राहावी म्हणून जो रोज झगडतो आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे धड शब्द नाही. 'निर्व्यसनी' हा वधूवरसूचक मंडळातला शब्द. ज्याला व्यसन लागलेच नाही त्याचा. 'व्यसनमुक्त' हा शब्द लढाई संपल्याची ग्वाही देतो, आणि ती संपत नाही हे लढणाराच जाणतो. ज्याला भाषेत नाव नाही, त्याला गावात जागाही सहसा नसते. त्या जागेविषयी आम्हांला लिहायचे आहे.

'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात पिणाऱ्यांचे 'आर्य मदिरा मंडळ' आहे. सोडू पाहणाऱ्या सुधाकराला मात्र मंडळ नाही. त्याच्याभोवती पतिव्रता पत्नी आहे, स्नेही आहेत, उपदेश आहे. त्याच वाटेने जाऊन परत आलेला माणूस तेवढा नाही. त्याचा निश्चय मोडतो तेव्हा तो एकटाच असतो.

सोळा वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अशाच अवस्थेत सापडला होता. काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, हाती घेतलेले काम फसलेले, आणि हॉटेलातला बार समोर. त्याने हॉटेलच्या दर्शनी भागातल्या चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली. त्याला हवा होता दुसरा एखादा मद्यपी, ज्याच्याशी बोलता येईल. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली आणि 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे ए.ए., जन्माला आली. या कथेतली ती यादी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ती चारचौघांच्या नजरेसमोर होती.

ए.ए. भारतात १९५७ साली आली. पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले. पण केंद्रातून उपचार घेऊन परतलेल्याला पुढे आयुष्यभर गरज असते ती आपल्याच गावातल्या बैठकीची. तिथे फी नसते. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. कुणी प्रवचन देत नाही. ज्याने त्याने आपला अनुभव सांगायचा, इतरांनी ऐकायचा, आणि आजचा दिवस न पिता काढायचा. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन'च्या वेगळ्या बैठका असतात.

अशी बैठक सापडावी कशी? मोठ्या शहरात इंटरनेटवरच्या याद्या कामी येतात. तालुक्याच्या गावी मात्र देशी दारूच्या दुकानाची पाटी रस्त्यापलीकडून वाचता येते आणि बैठकीचा पत्ता कुणाच्या तरी कानात विचारावा लागतो. स्त्रीला तर तो विचारणेही जड. शिवाय दारू सोडण्याची इच्छा अनेकदा घटकाभराची असते. सकाळी झालेल्या निश्चयाला संध्याकाळपर्यंत पत्ता मिळाला नाही, तर रात्री तो उरेलच असे नाही.

कुणी म्हणेल, अनामिकता हाच या चळवळीचा प्राण. पाटी लावल्यावर ती टिकणार कशी? आक्षेप पोकळ नाही. लहान गावात दार ओळखीचे झाले की आत शिरणाराही ओळखला जातो. परंतु ए.ए.च्या परंपरांनी राखली ती व्यक्तीची अनामिकता. सभासदाचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये, हा तिचा अर्थ. बैठकीचा वार, वेळ आणि खोली गुप्त राहावी, हा नव्हे. राहता राहिला प्रश्न लोकांच्या नजरेचा. त्यावर उपाय जागेच्या निवडीत आहे. ज्या इमारतीत दहा कामांसाठी माणसे येतात, तिथे अकरावे काम कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

बैठक सर्वांनाच मानवेल असे नाही, आणि ती वैद्यकीय उपचारांची जागाही घेत नाही. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. त्याने आधी डॉक्टरांकडेच जावे. मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले. दुसरीकडे, केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांना उपदेश तर नक्कीच मिळाला असेल.

आम्ही ज्या प्रकारच्या महाविद्यालयांत शिकवतो, तिथले वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. सार्वजनिक वाचनालयांची सभागृहेही आठवड्यातले बरेच दिवस कुलपात असतात. व्यसनमुक्ती सप्ताहात आपण प्रभातफेरी काढतो, निबंधस्पर्धा घेतो, शपथ देववतो. सुधाकरालाही निश्चयाची उणीव नव्हती. आमचे मागणे त्याहून साधे आहे: आठवड्यातून एक तास, एक वर्ग, वीसेक खुर्च्या, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी सूचनाफलकावर एक ओळ. बैठकीचा वार, वेळ, खोली क्रमांक.