इनेसला शेतकरी नवरा नको होता
अहमदपूर तालुक्यातल्या कुठल्याही पारावर सोयरिकीचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला: मुलगा काय करतो? शेती म्हटलं की बोलणं तिथंच थांबतं, मग विहिरीला बारमाही पाणी का असेना. पुण्यात कंपनीत आहे म्हटलं की पाहुणे दुसऱ्या दिवशी दारात. हेच दुखणं पोर्तुगीज नाटककार झिल व्हिसेंत यानं 1523 साली तोमारच्या मठात, राजासमोर रंगमंचावर आणलं. त्याच्या प्रहसनातली इनेस परेरा खात्यापित्या, भोळ्या शेतकऱ्याचं स्थळ नाकारते आणि गाणारा, गोड बोलणारा, सरदारी ऐटीचा नवरा निवडते. खिशात दमडी नसलेला हा गडी लग्न होताच तिला घरात कोंडतो. खिडकीतही उभं राहू देत नाही. आफ्रिकेतल्या लढाईतून पळताना तो एका मेंढपाळाच्या हातून मरतो, तेव्हा कुठं ती सुटते. मग त्याच शेतकऱ्याशी लग्न करते, आणि त्याला बोटावर नाचवते. आमच्या मुलींना मी दोष देत नाही. सोयाबीनचा पडलेला भाव आणि बँकेची नोटीस त्यांनी बापाच्या घरी पाहिली आहे. चीड येते ती उसन्या थाटाची. हा थाट रंगमंचावर उघडा पाडायला आपली बोली पुरेशी आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं 52 पात्रं उभी करून आपल्या बोलीची ताकद दाखवली. त्याच बोलीत अहमदपूरच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी यंदा इनेस करावी, आणि पहिल्या रांगेत सोयरिकी जमवणाऱ्यांना आवर्जून बसवावं.