काडतूस दुबळे, दोष मात्र शत्रूच्या ‘वेडा’ला

१/ .३८ लाँग कोल्ट या अमेरिकी लष्करी काडतुसाची एक कथा शतकभर सांगितली जाते. दक्षिण फिलिपिन्समधील मोरो मुसलमान म्हणे धर्मवेडाने इतके झपाटलेले असत की गोळ्या झेलूनही कोसळत नसत, म्हणून अमेरिकेला.४५ चे पिस्तूल घडवावे लागले. ही कथा सोयीची आहे, पण तो इतिहास नव्हे.

२/ प्रथम काडतूस पाहा. १८९२ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरसोबत ते सैन्यात आले. गोळी सुमारे १५० ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमहूनही हलकी; वेग सेकंदाला साधारण २३० मीटर. आधीच्या .४५ कोल्टची गोळी याहून कितीतरी जड होती. सैनिकांच्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण त्यांचे कारण या आकड्यांतच आहे.

३/ आता पुरावा. सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण आंतोनियो कास्पी या कैद्याचे: .३८ च्या चार गोळ्या लागूनही तो झुंजत राहिला आणि अखेर बंदुकीच्या दस्त्याच्या घावाने आवरला गेला. परंतु ही घटना समार बेटावरची. तो ख्रिस्ती वस्तीचा मुलूख. मोरोंचा प्रदेश तेथून दूर दक्षिणेस. शिवाय साल १९०५!

४/ साल महत्त्वाचे, कारण थॉम्पसन आणि ला गार्ड यांच्या प्रसिद्ध चाचण्या १९०४ च्या. शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर, तसेच मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून त्यांनी निष्कर्ष काढला: लष्करी पिस्तुलाचा व्यास .४५ इंचाहून कमी नसावा.

५/ त्याच अहवालाचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. शरीराच्या बहुतेक भागांवर बसलेली पिस्तुलाची गोळी माणसाला तत्काळ थांबवीलच असे नाही. म्हणून सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा, असे त्यात बजावले आहे. ही मर्यादा मानवी देहाची आहे, कोणा एका जमातीची नव्हे.

६/ ब्राउनिंगचे २३० ग्रेनचे .४५ काडतूस आणि त्याचे पिस्तूल सैन्याने स्वीकारले ते १९११ मध्ये. तोवर फिलिपिन्समध्ये जुनी .४५ रिव्हॉल्व्हरेच पुन्हा बाहेर काढली गेली होती.

७/ मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरील बुद दाहो या मृत ज्वालामुखीच्या विवरात शेकडो मोरो मारले गेले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. ते रायफली व तोफांपुढे कोसळलेच. ‘न कोसळणाऱ्या’ मोरोची कथा सांगणाऱ्यांना हे प्रेतांचे ढीग का आठवू नयेत?

८/ आपल्या भूमीसाठी लढणाऱ्याला श्वापद ठरवले, की त्याला मारण्याचा प्रश्न केवळ कॅलिबरचा उरतो. काडतुसाचा इतिहास अवश्य वाचावा. पण ते कोणावर झाडले गेले, हे वगळून नव्हे.