ईदपुरता मायक्रोफोन

रेडिओवाल्यांना आमची आठवण वर्षातून दोनदा होते. एकदा ईद तोंडावर आली की, "शीरखुर्मा आणि बंधुभाव यावर दहा मिनिटे बोला." दुसऱ्यांदा गावात कुठे दगड पडला की. तेव्हा 'सामाजिक सलोखा' या विषयावर परिसंवाद ठेवतात. एक महाराज, एक मौलाना, एक भंतेजी आणि सूत्रसंचालनाला एखादे निवृत्त प्राध्यापक. बाकीचे अकरा महिने हाच मुसलमान जालन्याच्या सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा असतो, अंबडकडच्या शिवारात कापूस वेचतो, मोसंबीच्या गाड्या भरतो, नळाला पाणी नाही म्हणून हंडे घेऊन वणवण करतो. कापसाच्या भावावर किंवा पाण्यावर बोलायला मात्र त्याला कुणी बोलावत नाही. त्यावर बोलणारे 'नागरिक' असतात आणि आम्ही असतो 'समाज'. आमचे भांडण या वाटणीशी आहे.

मराठवाड्याच्या आवाजाचा गळा तसा जुनाच बसलेला आहे. निजामाच्या राजवटीत औरंगाबादला रेडिओ केंद्र होते. 1950 मध्ये ते आकाशवाणीकडे आले आणि काही वर्षांतच बंद पडले. पुढे परभणी, औरंगाबाद, नांदेड, बीड, उस्मानाबाद येथे केंद्रे निघाली. जालना 1981 साली जिल्हा झाला, 2023 मध्ये शहराची महानगरपालिका झाली, पण आकाशवाणीचे स्वतःचे कार्यक्रम तयार करणारे केंद्र काही इथे आले नाही. बियाण्यांनी आणि पोलादाने देशभर नाव मिळवलेल्या या गावाने स्वतःच्या गटारींविषयीची चर्चा दुसऱ्या जिल्ह्याच्या मायक्रोफोनवर ऐकावी, अशी व्यवस्था आहे. ऐकायला मिळाली तर!

कायद्याचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगून टाकले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, म्हणजे आपल्याच मातीतला माणूस. 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची दारे उघडली. उघडली आणि लगेच आतून कडी लावली: बातम्या व चालू घडामोडी वर्ज्य. पाणी केव्हा सुटणार हे सांगायला परवानगी आहे. पाणी का सुटत नाही, टँकर कुणाचे आहेत, हे विचारायला लागले की परवान्याच्या काळजीने केंद्रचालकाची जीभ टाळूला चिकटते. वर्तमानपत्राला आणि दूरचित्रवाणीला जे चालते ते ज्याच्याकडे फक्त शंभर-दोनशे रुपयांचा रेडिओ आहे त्या माणसाला चालत नाही. यात कोणती राष्ट्रसुरक्षा आहे ते सरकारनेच सांगावे.

26 फेब्रुवारी 2024 चा दिवस आठवा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले. अफवेला इंटरनेट लागत नाही, ती पायी चालते. अशा वेळी आपल्या बोलीत, ओळखीच्या आवाजात, कोणता रस्ता बंद आहे, कोणता दवाखाना उघडा आहे हे सांगणारे आणि मराठा, ओबीसी, दलित, मुसलमान यांना एका टेबलाशी बसवून विचारणारे केंद्र हवे होते. सरकारने काय केले? मोबाइल मुका केला, आणि रेडिओ तर आधीपासून मुकाच ठेवलेला.

पण सगळे खापर सरकारवर फोडून आम्हांला मोकळे होता येणार नाही. आमचे पुढारी रेडिओकडे मागतात काय? उर्दू कार्यक्रमाची वेळ वाढवा, कव्वाली लावा, सहेरीची वेळ सांगा. जरूर मागा. पण वॉर्डातल्या शाळेला शिक्षक नाही, मोहल्ल्यात दवाखाना नाही, मुलींची शाळा सातवीनंतर सुटते, हे मराठीत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे कोण मागणार? आपले दुःख आपल्यालाच ऐकवून उपयोग नाही. आणि परिसंवादाला मौलानांनाच पाठवायचे हा हट्ट कुणाचा? बचत गट चालवणारी आमची एखादी आपा पाण्यावर त्यांच्यापेक्षा चांगले बोलेल. हंडा तिच्या डोक्यावर असतो.

हे स्वप्नरंजन नव्हे. जहीराबाद तालुक्यातल्या, म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, दलित शेतकरी बायका 2008 पासून संघम् रेडिओ चालवत आल्या. त्याच वर्षी म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. हरियाणाच्या मेवातमध्ये, जिथे मेव मुसलमानांची वस्ती आहे, 2012 मध्ये 'अल्फाज-ए-मेवात' निघाला आणि शेती, पाणी, आरोग्य, सरकारी योजना यांवर तिथले लोक बोलू लागले. मेवातचा मुसलमान पाण्यावर बोलू शकतो, मग जालन्याचा का नाही?

आमची मागणी मोठी नाही. बातम्यांवरची बंदी उठवा. जालन्याला केंद्र द्या. तोवर आहे त्या केंद्रांनी जालन्यासाठी आठवड्याला एक तास काढावा, त्यात मनपाच्या अधिकाऱ्याला समोर बसवावे आणि फोन लावणाऱ्याचे आडनाव ऐकून विषय बदलू नये. पहिला विषय आम्हीच सुचवतो: घाणेवाडीचा तलाव आहे, जायकवाडीची जलवाहिनी आहे, तरी कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरच्या गल्ल्यांत नळाची वाट दिवस मोजत का पाहावी लागते?