यंत्राने त्वचा घासून घेण्यापूर्वी

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्यातील गडियाहाट आणि हातीबागान येथील बाजारांत पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. कापडाच्या दुकानांत असते तशीच गर्दी ब्यूटी पार्लरांतही असते. तेथील दरपत्रकावर फेशियलच्या जोडीला आता एक लांबलचक नाव आढळते: मायक्रोडर्माब्रेजन. बोलताना त्यास ‘स्किन पॉलिशिंग’ म्हणतात. आपल्याकडेही लग्नसराईत हे नाव कानावर येते आणि ‘मुलीसाठी हे करून घ्यावे काय?’ असा प्रश्न आयांना पडतो.

त्वचा घासून स्वच्छ करण्याची कल्पना आपणांस नवी नाही. दिवाळीच्या पहाटे आपण उटणे लावतो, टाचांवरून वज्री फिरवितो. यंत्र हेच काम अधिक बारकाईने करते. १९८५ साली इटलीत ही पद्धत निघाली. एका नळीतून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म स्फटिक चेहऱ्यावर सोडले जातात आणि सुटलेल्या मृत कणांसह ते लगेच ओढून घेतले जातात. काही यंत्रांत स्फटिकांऐवजी हिऱ्याच्या कणांचे टोक असते. यात भूल द्यावी लागत नाही आणि घरी बसून राहावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण होय.

परंतु हे यंत्र जेथवर पोहोचते तो थर फारच पातळ आहे. गालावरील त्वचेचे सर्वांत वरचे मृत आवरण मिलिमीटरच्या एकदोन शतांशांएवढे असते आणि ते साधारण महिनाभरात आपोआप बदलतच असते. त्यातील काही भाग निघाल्याने चेहरा मऊ व तजेलदार दिसतो. खरखरीतपणा, बुजलेली रंध्रे, अगदी बारीक रेषा यांस उतार पडतो, तोही काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा केल्यास. देवीच्या अथवा मुरुमांच्या खोल खड्ड्यांना त्याचा उपयोग होत नाही. वर्णाचेही तसेच. त्वचेचा रंग ज्या पेशी निर्माण करतात त्या या आवरणाच्या खाली असतात. सावळी मुलगी या यंत्राने गोरी होत नाही. आणि ती व्हावी असा आग्रह घरातील वडीलधारी माणसे का धरतात, हा प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा आहे. उलट आपल्यासारख्या गव्हाळ वा सावळ्या त्वचेला जोराने घासले, तर त्याच पेशी चिडून अधिक रंग तयार करतात आणि जुन्या डागाच्या जागी त्याहून काळा डाग उमटतो. वांग असलेल्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वांगाचे मूळ ऊन, गरोदरपण, क्वचित गर्भनिरोधक गोळ्या यांत असते; घासल्याने ते जात नाही, चिघळण्याची भीती मात्र असते.

तेव्हा पहिला विचार यंत्राचा नव्हे, डागाचा करावयास हवा. डाग कसला आहे हे न ओळखता तो पुसू पाहणे किती व्यर्थ ठरते, हे कोलकात्याइतके दुसऱ्या कोणत्या शहराने पाहिले असेल असे वाटत नाही. १९८३ साली येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगणा जिल्ह्यातील खेड्यांतून काही रुग्ण आले. अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे ठिपके, तळहात व तळपाय जाड आणि खडबडीत. तो आर्सेनिकचा परिणाम असल्याचे डॉ. साहांनी ओळखले. हे विष येत होते कूपनलिकांच्या पाण्यातून. आणि या कूपनलिका तर गावकऱ्यांना कॉलऱ्यासारख्या रोगांपासून वाचविण्यासाठी खोदलेल्या! पुढे बंगालच्या अनेक जिल्ह्यांत हाच प्रकार आढळला. पुष्कळांना कुष्ठरोगी समजून शेजाऱ्यांनी दूर लोटले. या ठिपक्यांवर मलम चोळून काय होणार? तेथे पहिला उपाय म्हणजे पाणी बदलणे.

असे ठिपके बहुधा छातीपाठीवर असतात, चेहऱ्यावर नव्हे, हे खरे. पण हल्ली पाठीचेही पॉलिश करून दिले जाते. शिवाय फिकट चट्ट्याच्या ठिकाणी स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरील औषध सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते व रोग पूर्ण बरा होतो. विलंब मात्र महाग पडतो.

दुसरा धोका घरच्या कपाटातच असतो. देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी तिच्या लेखकांपैकी एक होते. त्यांतील ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडयुक्त मलम लावीत होते. कित्येकांच्या लेखी ते केवळ गोरेपणाचे क्रीम होते! अशा मलमाने त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. तिच्यावर यंत्र फिरविणे म्हणजे जखमेवर घासणी चालविणे. म्हणून ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. नावात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे शब्द दिसल्यास ती ट्यूब डॉक्टरांना दाखवावी. मलम एकदम बंद केल्यास चेहरा भडकतो, तेव्हा तेही त्यांच्या सल्ल्यानेच करावे. मुरुमांसाठी पोटातून गोळ्या चालू असतील, ओठांच्या कडेला वारंवार पाण्याचे फोड येत असतील, चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील, तर हेही आधी सांगावे.

सल्ला कोठे घ्यावा? मोठ्या शहरात त्वचारोगतज्ज्ञ सहज भेटतात. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पार्लरमधील भगिनी आपल्या कामात निपुण असतील, पण डागाचे निदान हे त्यांचे काम नव्हे, आणि तशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे हा त्यांच्यावरही अन्यायच. डाग केवळ वरवरचा, त्वचा निरोगी, असे तज्ज्ञाने सांगितल्यास हरकत नाही. प्रथम कानामागे किंवा जबड्याखाली लहानशा जागी करून पाहावे आणि तीनचार आठवडे थांबावे. काळपटपणा यावयाचा तर तेवढ्या अवधीत तो बहुधा दिसून येतो. नंतरचे काही दिवस कडक ऊन टाळावे, सनस्क्रीन लावावे, चेहरा साध्या पाण्याने धुवावा, लिंबू, बेसन, खरखरीत स्क्रब यांना सुटी द्यावी. लग्नघरी तर हा हिशेब आधीपासून करावा लागतो, कारण नुकत्याच घासलेल्या गालाला हळद आणि उटणे दोन्ही झोंबतात.