स्टेशन नुसतं रीलसाठी नसतं

बंद पडलेलं स्टेशन दिसलं की आपला हात आधी मोबाइलकडे जातो. गंजलेले रूळ, पडकी भिंत, मागे सूर्यास्त. रील भारी होते, लाइक्सही मिळतात. पण हे स्टेशन बांधलं कुणासाठी आणि बंद पडलं कशामुळे, हे आपल्यातले किती जण विचारतात?

विदर्भातली 'शकुंतला' घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, तिथून अचलपूर 76 किलोमीटर. अडीच फुटी रुळांचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने टाकला. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला न्यायचा, हा हेतू. मँचेस्टरमध्येच 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर 1994 पर्यंत धावलं!

कापसासाठी आलेली गाडी लोकांनी मात्र आपली करून टाकली. एसटीपेक्षा स्वस्त तिकीट, म्हणून मजूर आणि शेतकरी तिच्यातच बसायचे. मग ती बंद का पडली? स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे कंपन्या सरकारकडे आल्या, हा मार्ग मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला. रूळ एकाचे, गाड्या दुसऱ्याच्या. खर्च कोण करणार? रूळ झिजले, वेग घटला, प्रवासी रस्त्याकडे वळले. आज त्या स्टेशनांवर गवत वाढलंय. स्टेशन एका दिवसात मरत नाही. आधी त्याची जबाबदारी घेणारं कुणी उरत नाही.

तुम्ही म्हणाल, विदर्भातल्या गोष्टीचं भिंगारला काय? आहे ना. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली 1995 मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. आष्टीपर्यंत गाडी धावली 23 सप्टेंबर 2022 ला. नारायणडोह, कडा, आष्टी इथली स्टेशनं अजून नवीकोरी आहेत. त्यांची शकुंतला होऊ द्यायची नसेल, तर प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. गाडी कॉलेजच्या वेळेला आहे का? स्टेशनवर उतरल्यावर गावात जायला एसटी किंवा रिक्षा मिळते का?

या सुट्टीत एकदा त्या गाडीने जा. वेळ आणि गर्दी टिपून ठेवा, सोबतच्या आजोबांशी बोला आणि अडचणी रेल्वेला लेखी कळवा. रील काढाच, पण गाडी चालू असताना काढा.