शिवडीहून पलीकडे
लालबाग-परळच्या माणसाला विमान गाठायचं म्हणजे सहारला जायचं, हे ठरलेलंच. आखातात नोकरीला निघालेल्या मुलाच्या हातावर आई दही घालायची आणि वांद्र्याच्या कोंडीचा हिशेब धरून बॅगा कितीतरी आधीच चाळीच्या जिन्यावरून खाली यायच्या. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि शिवडीहून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू ओलांडला की विमानतळ हाकेवर आला. अर्थात मोटार असेल तर. सेतूवर रिक्षा आणि दुचाकीला बंदी, मोटारीला एका खेपेचा टोल २५० रुपये. दादर-परळहून थेट, सामानाला जागा असलेल्या, पहाटेही धावणाऱ्या भरपूर बस हव्यातच. पण सेतूचा एक फाटा जासईला उतरतो, तिथे जरा थांबायला हवं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं धोरण त्या रक्तातून आलं. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. विमानतळाला दि. बां.चं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला, तो योग्यच. पण उठलेल्या गावांतल्या पोरापोरींना तिथे कायमच्या नोकऱ्या मिळायला हव्यात, नुसती ट्रॉल्या ढकलण्याची कंत्राटी कामं नव्हेत.