बँक विलीन झाली, बाईची पत कुठे गेली?



1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. तेव्हापासून गटांच्या बैठकीत मला एकच प्रश्न विचारला जातो, "ताई, आपल्या पैशांचं काय?" पैसे सुरक्षित आहेत, हे मी सांगते. पण प्रश्न तेवढाच नाही, म्हणून आज साताऱ्याची गोष्ट.

युनायटेड वेस्टर्न बँक 1936 साली साताऱ्यात उभी राहिली. जिल्ह्याच्या गावचं मुख्य कार्यालय, पश्चिम महाराष्ट्रातले व्यापारी, शेतकरी, पगारदार हे तिचे ग्राहक. सत्तर वर्षांत तिच्या सुमारे 230 शाखा झाल्या. पुढे थकीत कर्जांनी भांडवल पोखरलं. 2 सप्टेंबर 2006 रोजी व्यवहारांवर स्थगिती आली आणि ठेवीदाराला दहा हजारांवर रक्कम काढता येईना. महिन्याभरात, 3 ऑक्टोबरला, बँक आयडीबीआयमध्ये गेली. भागधारकांना शेअरमागे 28 रुपये मिळाले. ठेवी बुडाल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं.

हे घडलं बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 खाली. योजना रिझर्व्ह बँक करते, मंजुरी केंद्र सरकार देतं. सूचना-हरकती मागवतात, पण ठेवीदाराला मत नाही, भागधारकालाही नाही. त्याच वर्षी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, पण विलीनीकरण कायम राहिलं. झटपट निर्णय घ्यावा लागतो, हे मला पटतं. रांगा लागल्यावर कोण चर्चा करत बसणार? पण घाई पैशांपुरती असावी.

छोट्या बँकेचे गोडवे गायला मी बसलेले नाही. तिथेही बाईला कर्ज हवं तर नवऱ्याची सही, सातबारा आणि पुरुष जामीनदार लागायचाच. तरीही दर महिन्याला हप्ता भरणारी बाई शाखेतल्या माणसांना माहीत असायची. शेती नावावर नसलेल्या बाईची पत ती हीच. विलीनीकरणात खातं जातं, शिल्लक जाते, ही ओळख जात नाही. नव्या साहेबांपुढे ती पुन्हा कोरी पाटी.

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी हे फार आधी ओळखलं. सह्या येत नाहीत म्हणून परवाना नाकारला गेला, तेव्हा त्या लिहायला शिकल्या आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. म्हणजे आपली पत आपणच मोजायची, असं त्यांनी ठरवलं.

सरकारने केलेली बायकांची बँक मात्र टिकली नाही. भारतीय महिला बँक 2013 साली निघाली आणि 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेली. सरकारचा हिशेब असा की महिला बँकेने तीन वर्षांत बायकांना 192 कोटींची कर्जं दिली, तर स्टेट बँक समूहाने सुमारे 46,000 कोटींची. आकडा मोठाच आहे. पण त्यात भूमिहीन, परित्यक्ता, एकट्या बायका किती? ते कळल्याशिवाय या तुलनेवर मी टाळ्या वाजवणार नाही.

आता कामाचं. 1992 साली नाबार्डने गट-बँक जोडणी सुरू केली तेव्हापासून नोंदणी नसलेल्या गटालाही कर्ज मिळतं, आणि ते मिळतं गटाच्या वह्यांच्या जोरावर. म्हणून शाखेवर विसंबू नका. विलीनीकरणाची बातमी येताच जुन्या कर्जांच्या फेडीचा उतारा शिक्क्यानिशी मागून घ्या. सह्या करणाऱ्या दोघींची नावं आणि गटाचा ठराव ताजा ठेवा. वैयक्तिक ठेव असेल तर 2020 पासून विमा पाच लाखांपर्यंत आहे, हेही घरातल्या म्हाताऱ्या बाईला सांगा. आणि नव्या बँकेच्या व्यवस्थापकांना तालुक्यातल्या सगळ्या गटांनी मिळून एक पत्र द्या: आमची जुनी फेड कर्ज देताना धरणार की नाही, लेखी कळवा. उत्तरं आली की आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.